पिसोरीचा दगड

त्या मुलुखात तक्रार अशी नव्हती. तक्रार करावी अशा गोष्टी पुष्कळ होत्या, पण तक्रार मात्र नव्हती. दर पंधरा दिवसांनी ओढ्याकाठी आडव्या पडलेल्या एका जुन्या खोडावर वस्तीची सभा भरे. चिटणीस टिटवी आपल्या खणखणीत आवाजात "आलेल्या तक्रारी शून्य" असं सांगे आणि अध्यक्ष घोरपड समाधानाने डोळे मिटून घेई. या घोरपडीने अध्यक्षपदाचं खोड एकदा जे धरलं ते सोडलं नव्हतं, आणि तिला ते सोडायला कोणी सांगितलंही नव्हतं. शेजारच्या रानांतली जनावरं हा कारभार पाहायला मुद्दाम येत आणि थक्क होऊन परत जात.

याच्या मुळाशी एक जुना रिवाज होता. सभेत जो विषय काढेल, तो विषय त्याचा. त्याला रानवेलीचा हार घालायचा, सगळ्यांनी त्याची वाहवा करायची, आणि त्या कामाची जबाबदारी त्याच्यावर टाकून आपापल्या घरी जायचं. त्या दिवसापासून ती अडचण त्याच्याच नावाने ओळखली जाई. कोणी त्याला हातभार लावायला गेलंच, तर अर्धी अडचण त्या मदत करणाऱ्याच्या नावावर चढे. रिवाज कोणी घातला ते कोणालाच आठवत नव्हतं. वाईट हेतूने घातला असेल असंही नाही. ज्याला कळवळा आहे त्याने काम करावं, एवढाच साधा विचार असेल बापड्यांचा.

साळिंदराचंच घ्या ना. सात वर्षांपूर्वी त्याने सभेत एवढंच म्हटलं, की पाणवठ्याच्या वाटेवर घाणेरी फार माजली आहे. झालं! हार गळ्यात पडला. तेव्हापासून तो एकटा घाणेरी उपटत होता. या टोकाची उपटून होईतो त्या टोकाची कमरेइतकी वाढलेली असे. जाणारेयेणारे अंगावरचे काटे झटकत त्याला म्हणत, "काय हो साळिंदरकाका, तुमच्या घाणेरीने अगदी वैताग आणला बघा." आणि साळिंदर मान खाली घालून म्हणे, "हो, बघतो."

अशा या वस्तीत एक पिसोरी राहत होती. पिसोरी म्हणजे सशाएवढं हरीण. पाय काटक्यांसारखे, पाठीवर पांढरे ठिपके आणि काळीज जरा लवकर धडधडणारं. तिला एकच लेक, ठिपकी. आईने चार घास खायचे आणि लेकीला दहा भरवायचे, असा त्यांचा संसार. खायला मात्र ओढ्यापलीकडे जावं लागे, कारण उंबर आणि आवळा सगळा पलीकडच्या काठावर. ओढा ओलांडायला सात दगड होते आणि त्यांतला तिसरा डुगडुगत होता.

तो डुगडुगतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. सशांनी त्याच्यावरून उडी मारायची सवय लावून घेतली होती. भेकरं त्याच्या कडेवर पाय ठेवून पटकन पुढे सरकत. मुंगसांनी तर पिल्लांना चालायला शिकवतानाच "दुसऱ्यानंतर अंग डावीकडे झोकायचं" असं शिकवलं होतं, आणि आता त्यांच्या पिल्लांना वाटे की ओढा असाच ओलांडतात. सभेच्या मंडळींचा या दगडाशी संबंधच येत नव्हता. टिटवी उडून जाई, घोरपड पोहून जाई, आणि सभेचा तिसरा सभासद वानर वरच्या फांद्यांवरून पलीकडे उतरे. तिघांनाही ओढा अगदी सोयीचा वाटे.

एका सकाळी ठिपकीचा पाय त्या तिसऱ्या दगडावरून सटकला. ती पाण्यात पडली, ओढ्याने तिला दोन वळणं खाली नेलं. एका मुळाशी अडकली म्हणून वाचली. पिसोरीने तिला मानेला धरून वर ओढलं तेव्हा तिचा मागचा पाय सुजून टम्म झाला होता. त्यानंतर ठिपकी दगडांजवळ जाईना. काठावर यायची, तिसऱ्या दगडाकडे पाहायची आणि थरथर कापायची. पिसोरी तोंडात मावतील तेवढी उंबरं तिच्यासाठी घेऊन येई, पण वाढत्या अंगाला तेवढ्याने काय होणार? लेकीच्या बरगड्या दिसू लागल्या. ते पाहून पिसोरीच्या घशाखाली घास उतरेनासा झाला.

"मी सभेत बोलणार," ती साळिंदराला म्हणाली.

साळिंदराने तोंडातली घाणेरी खाली ठेवली. "अगं, वेडी का खुळी तू? माझ्याकडे बघ की जरा."

"तुमच्याकडे बघूनच इतके दिवस गप्प बसले, काका. पण माझी पोर वाळत चालली हो."

 साळिंदर पुन्हा मुळं उपटू लागला.

सभेच्या दिवशी टिटवीने "तक्रारी शून्य" म्हणायला चोच उघडली, तेवढ्यात पिसोरी पुढे आली. आवाज कापत होता, पण शब्द स्पष्ट होते. "तिसरा दगड डुगडुगतो. माझी लेक पडली. उद्या आणखी कोणाचं पिल्लू पडेल. तो नीट बसवायला हवा."

 कोणी पिसोरीकडे पाहीना. आणि मग एकदम काय आनंद उसळला म्हणता! वानराने फांदी गदागदा हलवली, ससे पाय आपटू लागले, भेकरं भुंकली. कित्येक वर्षं मनात खुपणारी गोष्ट आता आपली राहिली नाही, याचा तो आनंद होता. घोरपडीने डोळे उघडले. "अशी तळमळ वस्तीत प्रत्येकाला असायला हवी," ती म्हणाली. "पिसोरी, बाई, आम्हाला तुझा अभिमान वाटतो." वानराने वेल खाली ओढली, तिचा हार झाला. तो पिसोरीच्या गळ्यात घातला तेव्हा जमिनीला टेकला, इतकी ती लहान होती. टिटवीने जाहीर केलं, "पिसोरीचा दगड. काम सुरू."

"अहो, पण तो माझ्याच्याने हलेल तरी का?" पिसोरी म्हणाली.

"प्रयत्न कर," घोरपड मायेने म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

पिसोरी सांबराकडे गेली. त्याच्या एका खांद्याच्या रेट्याने दगड जागेवर बसला असता, हे दोघांनाही दिसत होतं. सांबराला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. "ताई, खांदा लावायला माझी ना नाही," तो म्हणाला. "पण लावला की दगड माझा झाला. उद्या दुसरा दगड हलला की सांबराला बोलवा, काठ ढासळला की सांबराला बोलवा. मलाही घरी पोरं आहेत गं." आणि तो मान वळवून चरायला गेला, पण त्या दिवशी त्याला चारा गोड लागला नाही.

मग पिसोरीने एकटीने काम आरंभलं. तोंडाने गोटे आणून ती दगडाखाली सारी, रात्रीतून ओढा ते वाहून नेई. चिखल थापला, तो गेला. काटक्या रोवल्या, त्याही गेल्या. उलट गाळ उकरला गेल्यामुळे दगड पूर्वीपेक्षा जास्त हलू लागला. आता ओलांडणाऱ्यांनी तोंड उघडलं. "काय बाई, पिसोरीच्या दगडाने कंबर मोडली माझी!" "हाती घेतलंय तर नीट करावं की!" ज्यांनी वर्षानुवर्षं हूं की चूं केलं नव्हतं, त्यांना आता रोज नवी तक्रार सुचे, कारण तक्रार कोणाकडे करायची ते ठरलेलं होतं. पुढच्या सभेत टिटवीने काम रेंगाळल्याबद्दल नापसंती नोंदवली. पिसोरीला रडू आलं आणि रडू येतं याचा संतापही आला. त्या सगळ्यांना एकेकदा पाण्यात ढकलून द्यावं असं तिच्या मनात आलं. पण घरी ठिपकी उपाशी होती.

दुसऱ्या दिवशी ती लेकीला घेऊन ओढ्यावर आली. स्वतः पाण्यात उतरली, तिसऱ्या दगडाखाली शिरली, चारी खूर तळाच्या वाळूत रोवले आणि पाठ दगडाला भिडवली. पाणी हनुवटीपर्यंत आलं. "ये आता," ती म्हणाली. "मी आहे खाली."

ठिपकीने पहिला दगड ओलांडला, दुसरा ओलांडला, डोळे मिटून तिसऱ्यावर पाय ठेवला. दगड हलला नाही. ती पलीकडे पोचली आणि अधाशासारखी उंबरं खाऊ लागली. पिसोरीला इतकं बरं वाटलं की पाठीवरचं ओझं तिला घटकाभर जाणवलंच नाही. ती बाहेर निघणार तोच काठावरून हाक आली, "थांब थांब, आम्हीही येतो!" ससे गेले, भेकरं गेली, मुंगसं गेली. मुंगसाची पिल्लं सवयीने डावीकडे कलली आणि धडपडली, कारण दगड आता सरळ होता. सगळ्यात शेवटी सांबर आला. तिसऱ्या दगडापाशी तो अडखळला. खाली न बघता, होता होईल तेवढं हलकं पाऊल टाकून तो पुढे गेला.

खायला गेलेल्यांना परत यायचं असे आणि परतलेल्यांना पुन्हा जायचं असे. दगडाखालचा उरलासुरला गाळही वाहून गेला होता. पाठ काढली असती तर दगड नुसता हलला नसता, गडगडत खाली गेला असता, आणि मग ठिपकीला ना उंबर ना आवळा. पिसोरी पाण्यातच राहिली. पलीकडून येताना ठिपकी एक उंबर तोंडात धरून आणी आणि दगडावर पोटावर निजून आईला भरवी. वस्तीत सगळे म्हणू लागले की पिसोरीने काम फार सुरेख केलं.

पंधरवडा उलटल्यावर सभा पाहणीला म्हणून ओढ्याकाठी आली. घोरपड एका गार खडकावर पसरली, वानर वरच्या फांदीवर बसला, टिटवीने दगड मोजले. "पिसोरीचा दगड. काम पूर्ण," ती म्हणाली. "तक्रारी शून्य." सगळ्यांनी वाहवा केली. पिसोरीच्या नाकाशी पाणी लागत होतं, म्हणून तिला मान हलवून आभार मानता आले नाहीत.

तेवढ्यात ठिपकी पलीकडे निघाली. आता तिची भीती पार गेली होती, पाय बरा झाला होता, अंगावर मांस आलं होतं. तिसरा दगड तिने टुणकन ओलांडला, चौथाही ओलांडला. पाचव्यावर पाय ठेवला आणि तिचा तोल गेला. सावरून ती उभी राहिली. पुन्हा पाय टेकवून पाहिला. दगड खालून कुरकुरला आणि एका अंगाला कलला. ठिपकीने वळून सभेकडे पाहिलं. आईसारखंच धीट होऊन ती म्हणाली,

"घोरपडमावशी, हा पाचवा दगडपण..."

 सशांनी आभाळाकडे पाहिलं. टिटवीची मान ताठ झाली. घोरपडीचे डोळे हळूहळू उघडू लागले, आणि फांदीवरच्या वानराचा हात एका लांब हिरव्या वेलीकडे गेला. त्याने ती ओढून हातात घेतली.

"काही नाही हो मावशी!" पाण्यातून पिसोरी ओरडली. तोंडात पाणी गेलं तरी ती ओरडली. "पोरीला ठसका लागलाय. काही नाही, काही म्हणत नाही ती!"

ठिपकीने खाली पाण्यात आईकडे पाहिलं. पिसोरीचे डोळे तेवढे वर होते आणि ते लेकीवर खिळले होते.  मग ठिपकीने तोंड मिटलं, आणि कललेल्या दगडावरून जपून पाऊल टाकत ती पुढे गेली.

घोरपडीने डोळे मिटले. वानराने हातातली वेल सोडून दिली.