बाबांच्या धोतराचा पांढरा

"पण बाबा, त्या फोटोत तुमच्या धोतराहून पांढरं दुसरं होतं तरी काय?"

भार्गवने लॅपटॉप बाबांपुढे धरला. मठात येण्यापूर्वी त्याचा सांगलीत फोटो स्टुडिओ होता. रंगांच्या बाबतीत आपली नजर चुकत नाही, हे तो रोज कुणाला ना कुणाला ऐकवायचा.

फोटो उत्सवाच्या दिवशीचा. ओट्यावर मधोमध बाबा, भोवती मठातली सगळी मंडळी. हाच फोटो कॅलेंडरवर छापून घरोघरी जायचा होता.

बाबांचं धोतर शुभ्र दिसत होतं. बाकी सगळे पिवळे पडले होते.

मठाचं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या सोनूताई दारातच थांबल्या होत्या. डोळे भरून आलेले.

"मला काढून टाक त्यातनं," त्या भार्गवला म्हणाल्या. "माझी लेक बघंल तिकडं सासरी. आईला कावीळ झाली म्हणून रडत बसंल."

"ताई, मी मनाचं काही केलेलं नाही. फोटोतली पांढरी वस्तू दाखवून द्यायची, की संगणक बाकीचे रंग तिच्यावरून ठरवतो. मी बाबांचं धोतर दाखवलं. आता बाबांचं धोतर चुकेल का? चेहरेच तसे आहेत."

सोनूताईंनी बाबांकडे पाहिलं.

बाबा उठले आणि मागच्या मोरीकडे निघाले. दोघं त्यांच्या मागोमाग.

बाबा आपले कपडे स्वतःच धुवायचे. त्यांनी बादलीत पाणी घेतलं. कोनाड्यातली निळीची बाटली काढली आणि भार्गवकडे बघत बादलीत उपडी केली. भळाभळा.

"अहो बाबा! चार थेंब पुरतात!"

"असं?" बाबा म्हणाले. "मी तर रोज एवढीच घालतो."

भार्गवने बादलीकडे पाहिलं. मग दोरीवर वाळत घातलेल्या धोतराकडे. जवळ जाऊन त्याचा काठ उन्हात धरला.

फिकट निळा.

"उत्सवाच्या दिवशीही… असंच होतं?"

सोनूताईंनी तोंडाला पदर लावला. "तवाबी असंच. सगळ्यांना दिसत होतं की. पण बाबांना सांगणार कोण?"

आधी बाबाच हसले. मग सोनूताईंनाही आवरेना.

भार्गवचे कान लाल झाले.

"म्हणजे ती निळाई मारायला संगणकाने सगळ्यांना पिवळं केलं. मग मी पांढरं म्हणून दाखवू तरी काय?"

बाबांनी पाट ओढला, दाराशी उजेडात ठेवला.

"सोनूबाई, बसा. आणि भार्गव, तू समोर बस. यांच्याकडे बघ."

"बघू काय?"

"बघ तर."

भार्गव लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला. एकदा सोनूताईंचा चेहरा, एकदा पडदा. मग पुन्हा चेहरा. रोज त्यांच्या हातचं जेवत होता. हनुवटीवरचं हिरवट गोंदण त्याने कधी नीट पाहिलं नव्हतं. चुलीच्या धगीने तांबूस झालेले सावळे गालही नाहीत.

तो पडद्यावरची रंगांची पट्टी हळूहळू सरकवत राहिला…

"आता?"

सोनूताई वाकून बघू लागल्या. बघतच राहिल्या.

"आता मी हाय," त्या म्हणाल्या. "आणि हा बघ माझ्या शेजारी उभा आपला दगडू. कसा तुकतुकीत दिसतोय मेला!"

भार्गवही हसला. मग एकदम थांबला. पडद्यावर सगळी मंडळी जशीच्या तशी उतरली होती, पण मधोमध…

"बाबा, तुमचं धोतर निळं दिसायला लागलं हो. तेवढंच वेगळं पांढरं करू? कुणाला कळणारसुद्धा नाही."

"राहू दे," बाबा म्हणाले. "त्या दिवशी निळाच बसलो होतो मी."