काचेवरची वाफ

"...मग कॅमेरा समोर धरला की दगड का होतो, चाचा?"

परागने हे विचारलं तेव्हा जहाज लक्षद्वीपहून मुंबईकडे परत फिरलं होतं. मागच्या डेकवर परकारचाचा चहा बशीत ओतून पीत बसले होते.

चाचांनी बशीवर फुंकर मारली.

"कोण दगड होतो?"

"आई. दुसरं कोण?"

"अच्छा... मला वाटलं, तू."

चाचांच्या अशा बोलण्याची परागला सवय होती, पण सवय झाली म्हणून टोचायचं थोडंच थांबतं?

आता पराग रेडीज म्हणजे काही ऐरागैरा नव्हे. रत्नागिरीत परकारचाचांच्या स्टुडिओत तो कॅमेरा धरायला शिकला आणि पुढे एवढा मोठा झाला, की या सहलीवाल्यांनी त्याला खास बोलावून घेतलं होतं. काम काय, तर प्रवाशांना फोटोच्या युक्त्या सांगायच्या. बदल्यात आईला आणि गुरूला बरोबर आणायची मुभा. त्याने दोघांनाही आणलं. तेवढा तो भला होता. फक्त आपण भले आहोत आणि हुशारही आहोत, हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

रोज नाश्ता झाला की त्याच्याभोवती कोंडाळं जमायचं. माणूस बोलायचा छान.

"क्षितिज सरळ ठेवा. समुद्र कलंडलेला दिसला की बघणाऱ्याला मळमळतं. कठड्यावर कोपर टेकू नका, इंजिनाची थरथर फोटोत उतरते. कोपर पोटाशी धरा. केबिनच्या काचेतून फोटो काढायचाय? फ्लॅश बंद करा आणि फोन काचेला अगदी चिकटवून धरा, नाहीतर समुद्राऐवजी स्वतःचंच थोबाड येईल. किनारा दिसेनासा झाला की फोन विमान मोडवर टाका, तो उगाच नेटवर्क शोधत बसतो आणि दुपारपर्यंत मान टाकतो."

लोक हसायचे. बायका नवऱ्यांना कोपराने ढोसून म्हणायच्या, ऐका जरा.

"आणि सगळ्यात मोठी चूक सांगतो. केबिनमध्ये एसी, बाहेर दमट हवा. गार कॅमेरा तडक बाहेर आणलात की काचेवर वाफ धरते. तो बॅगेतच ठेवून आधी अर्धा तास बाहेर राहू द्या. तरी वाफ धरलीच, तर काय करायचं?"

"पुसायची," कुणीतरी म्हणायचं.

"पुसायची नाही. पुसाल तेवढी पुन्हा धरेल. थांबायचं."

हे सांगताना तो कोपऱ्यात बसलेल्या चाचांकडे बघायचाही नाही. खरं तर हा नियम चाचांचाच. गार हॉलमधून अंगणात धावणाऱ्या लग्नाच्या फोटोग्राफरांना ते वर्षानुवर्षं तो ऐकवत आले होते.

तर एवढा हा जाणता माणूस. अख्ख्या जहाजाला हसवणारा. पण त्याच्याकडे आईचा एक हसरा फोटो नव्हता.

आणि तो तर हवाच होता. आईची फर्माइशच होती तशी. निघायच्या आधी बॅग भरता भरता ती म्हणाली होती, "पराग, या खेपेला माझा एक बरा फोटो काढ. माझ्यामागे हार घालायला होईल. आधारकार्डावरचा मोठा करून लावलात, तर भूत होऊन येईन हो, सांगून ठेवते."

"काय बोलतेस, आई..."

"खरं तेच बोलते. तुझ्या बाबांचं काय केलंत बघ."

बाबांचा फोटो मतदान ओळखपत्रावरून मोठा केलेला. पोलीस ठाण्याबाहेर लावलेल्या फरार इसमासारखे बाबा दिवाणखान्यात टांगलेले होते. आई रोज सकाळी उदबत्ती ओवाळायची आणि म्हणायची, "जन्मभर माझ्यावर विश्वास टाकला, आणि आता बघा कसे संशयाने बघतायत."

त्या फोटोकडे बघून परागला दर वेळी लाज वाटायची. फोटोग्राफरचा बाप, आणि भिंतीवर असला फोटो. बाबांचे फोटो काढायचे राहून गेले होते. आईच्या बाबतीत असं होऊ द्यायचं नाही, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

पण आई कॅमेऱ्यासमोर आली की संपलं. पदर सारखा करायची, हात अंगालगत सरळ, राष्ट्रगीत सुरू झाल्यासारखी उभी. ओठ गच्च मिटलेले. तिचा पुढचा एक दात जरा बाहेर होता. लग्नाआधी स्थळांना दाखवायच्या फोटोच्या वेळी कुण्या फोटोग्राफरने "तोंड मिटा, बाई" म्हटलं होतं, ते तिने आजतागायत मिटलेलंच ठेवलं होतं. एरवी बोलायला लागली की मात्र जहाजाचा भोंगा बरा.

परागने सगळे उपाय केले. मावळतीचं सोनेरी ऊन पाहून तिला उभी केली. लांब लेन्स लावून दुरून टिपायला गेला, तर ती तेवढ्या लांबूनही ओठ मिटून तयार. विनोद सांगितले. "हस ना गं" म्हणाला. मग चिडून म्हणाला, "अगं, हस की." त्यावर तिने असं काही हसून दाखवलं, की बघणाऱ्याला वाटावं तिची दाढ दुखतेय.

आता उद्याची सकाळ शेवटची. दुपारी मुंबई.

"सगळं करून झालं, चाचा," तो म्हणाला. "उजेड चांगला, लेन्स चांगली. चुकतंय कुठे?"

चाचांनी बशी खाली ठेवली. मिशीला लागलेला चहा पुसला.

"उद्या उजाडताना वहिनींना घेऊन पुढच्या डेकवर ये."

"बरं."

"कॅमेरा मला दे. रात्री माझ्याकडे राहू दे."

"का?"

"फोनही तुझ्या केबिनमध्ये ठेव. रिकाम्या हातांनी ये."

"पण का?"

चाचांनी बशी उचलली आणि उरलेला चहा एका घोटात संपवला. परागने गळ्यातला कॅमेरा काढून दिला, पण तान्हं मूल शेजारणीकडे सोपवावं तसा त्याचा जीव टांगणीला लागला.

सकाळी तो आईला घेऊन पुढच्या डेकवर आला. आभाळ नुकतं उजळत होतं. हवा अशी दमट, की कठड्याला हात लावला तर ओला व्हावा. आईने निळी इरकली नेसली होती आणि चेहरा आधीच तयारीचा करून ठेवला होता.

पहाटेची फजरची नमाज आटोपून चाचा आले. अंगात जाड स्वेटर, गळ्यात मफलर, डोक्याला कानटोपी. हातात कॅमेरा, बॅगेशिवाय.

"चाचा, हे काय?"

"काल एसी जरा जास्तच लावला होता. कुडकुडलो रे."

"मग कमी करायचा ना..."

परागने कॅमेरा हातात घेतला. बर्फासारखा गार. आणि बघता बघता लेन्सच्या काचेवर वाफ चढली. आधी कडांना, मग मध्यापर्यंत. काच दुधासारखी पांढरी झाली.

पूर्वेकडे तांबडं फुटत होतं. त्याने खिशातून फडकं काढलं आणि पुसलं. काच लखलखली. डोळ्याला कॅमेरा लावेपर्यंत पुन्हा पांढरी. पुन्हा पुसलं. पुन्हा पांढरी.

"पुसू नकोस," चाचा म्हणाले.

"सूर्य वर येतोय, चाचा."

"तो रोज येतो."

"ही शेवटची सकाळ आहे."

"आण तो इकडे. पुसून पुसून काचेला भोक पाडशील."

चाचांनी कॅमेरा काढून घेतला आणि स्वतःच्या गळ्यात अडकवला. स्वेटरवर तो लोंबत राहिला.

"मग आता मी काय करू?"

"लोकांना काय सांगतोस?"

परागला आठवलं. थांबायचं... त्याला असा राग आला की विचारू नका. सगळ्या जहाजाला शिकवणारा तो, आणि त्याच्याच कॅमेऱ्यावर वाफ. तीही ज्याने हा नियम शिकवला, त्याच्याच हातून.

तो कठड्याशी उभा राहिला. हातांचं काय करावं ते त्याला कळेना. खिशात घातले, बाहेर काढले, छातीशी बांधले.

"इकडे ये," आई म्हणाली. "वारं बघ किती सुटलंय. धर मला."

त्याने तिचा दंड धरला. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"किती दिवसांनी दिसलास."

"आई, रोज बरोबरच तर आहोत."

"तू कुठे असतोस? ते काळं भांडं दिसतं मला. त्याच्यामागे कोण असतं देव जाणे."

पराग समुद्राकडे बघू लागला.

"पांढरे आले की रे कानाशी," ती म्हणाली. "तुझ्या बाबांनाही इथूनच आले होते. बघू..."

तिने त्याची मान आपल्याकडे वळवली. मग कान धरला आणि पुढे दुमडला.

"मेल्या, साबण."

"काय?"

"कानामागे साबण तसाच वाळलाय. शाळेत असतानाही हेच."

"आई, सोड. कुणी बघेल..."

"बघू दे. जगाला अक्कल शिकवतोस ना? हलू नकोस." तिने पदराचं टोक जिभेने ओलं केलं आणि त्याचा कान घासायला घेतला.

"अगं, चाळिशी आली माझी."

"मग कान कधी धुणार? साठीला?"

हे बोलली आणि तिचं तिलाच हसू फुटलं. आधी खांदे हलले. मग तोंड उघडलं. त्यातच तिची नजर चाचांकडे गेली. त्या दमट हवेत स्वेटर-मफलर-कानटोपीत उभे असलेले, घामाने निथळणारे चाचा.

"आणि भाऊ, तुम्ही काय काश्मीरहून आलात?"

मग मात्र ती हसतच सुटली. मान मागे टाकून, तो दात आणि त्याच्या शेजारचे सगळे दात दाखवत, डोळ्यांना पाणी येईपर्यंत. एका हाताने तिने परागचा कान धरलेला होता, तो सोडायचंही भान नव्हतं. परागही हसायला लागला. कान दुखत होता आणि त्याला हसू आवरत नव्हतं. इतकं बरं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. सूर्य केव्हा वर आला, ते दोघांनीही पाहिलं नाही.

खट्.

आवाज बारीकच होता. पराग वळला. चाचांनी कॅमेरा डोळ्याला लावलेलाच नव्हता. पोटाशी धरला होता, कोपर अंगाशी.

"वाफ गेली?" परागने विचारलं.

"बघ."

तिघांनी कॅमेऱ्याच्या पडद्याशी डोकी लावली.

कोपऱ्यांत अजून जराशी वाफ होती. एका बाजूने बचाव होडीचं केशरी ढुंगण आत घुसलं होतं. क्षितिज कौलारू छपरासारखं उतरतं. आणि मध्ये, स्वच्छ काचेत, आई.

परागला वाटलं, आता ती म्हणणार, पुसून टाक.

आई कितीतरी वेळ बघत राहिली.

"दात केवढा दिसतोय..."

"आई, मी तो..."

"राहू दे." तिने पडद्यावर बोट टेकवलं. "बाई, मी बरी आहे की रे दिसायला. मला कुणी सांगितलंच नाही."

परागने तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो थोपटला, पदर सारखा केला आणि म्हणाली, "चला, मी चहाला पुढे होते. भाऊ, तो स्वेटर काढा आता. घुसमटाल." आणि ती तरातरा निघून गेली.

दोघेच उरले.

चाचा मफलर सोडू लागले. पराग फोटो लहान-मोठा करून बघत होता. आनंद मावत नव्हता, पण आतला जाणकार काही गप्प बसेना.

"क्षितिज वाकडं आहे," तो म्हणाला. "ते मी करीन सरळ."

"कर."

"होडीही कापता येईल."

"काप."

"पण चाचा... मी आहे यात."

"दिसतोस."

"मला कापावं, तर तिचा हात जातो. तिने कान धरलाय माझा."

चाचांनी कानटोपी काढली. उरलेसुरले केस वाऱ्यावर उभे राहिले.

"आईने हार घालायला फोटो मागितला होता," पराग म्हणाला. "सबंध प्रवासात हा एकच नामी निघाला. पण जिवंत माणूस असलेल्या फोटोला हार कसा घालायचा?"

चाचांनी स्वेटर डोक्यावरून ओढून काढला, नीट घडी घातली आणि काखेत मारली.

"का रे," ते म्हणाले, "तुला घाई आहे?"