काजळ्याची पखाल

फार पूर्वी एका गडावर पाणी नव्हतं. पायथ्याच्या नदीचं पाणी कातड्याच्या मोठ्या पखालीत भरून काजळ्या नावाचा रेडा वर नेई. बारा वर्षांत त्याच्या पाठीला घट्टे पडले, गुडघे सुजले. मालक इब्राहिमचाचांना कळवळा आला. त्यांनी दुसरा रेडा आणला आणि काजळ्याला कुरणात मोकळं सोडलं.

पाठ बरी झाली, गुडघ्यांची सूज उतरली, पण काजळ्या रोज सकाळी गडाकडे तोंड करून उभा राही.

“हिरवा चारा आहे, सावली आहे. अजून काय हवंय तुला?” शेजारच्या म्हशीने विचारलं.

“वर दरवाजापाशी बायका घागरी घेऊन उभ्या असायच्या. मला बघून म्हणायच्या, ‘आला गं बाई काजळ्या!’ इथं माझी वाट कोण बघतं?”

एक दिवस तो एकटाच गड चढून गेला. शोधत आलेल्या चाचांना दिसलं, बायका त्याच्या मानेवरून हात फिरवत होत्या आणि तो डोळे मिटून उभा होता.

चाचांनी नवी पखाल शिवली, जुनीच्या निम्मी. ती पाठीवर चढवली, तेव्हा त्यांनी “चल” म्हणण्याआधीच काजळ्या चढणीला लागला होता.