बाईंच्या रक्ताचा निकाल

"शंभरातले किती अचूक ओळखले, ते तरी विचारा ना बाई!"

टिकेकर बाई त्याच्या शोधनिबंधाची पानं उलटत होत्या.

"सत्त्याण्णव!" पुष्करने स्वतःच सांगून टाकलं.

मोठ्या आतड्याचा कर्करोग नुसत्या रक्तावरून ओळखायचा, हा त्याचा ध्यास. कॅमेऱ्याची नळी नको, काही नको. रोग्यांच्या रक्तात कमीजास्त होणारे सात पदार्थ त्याने हुडकून काढले होते. पेपर उद्या जायचा होता. बाईंना निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, तरी त्यांना दाखवल्याशिवाय तो काही पाठवत नसे.

बाईंनी बाही वर सारली.

"माझं काढ."

"तुमचं? कशाला?"

"काढ रे. मला एक काम आहे. ते उरकून दुपारी येते."

दुपारी बाई दारात दिसताच पुष्करने धावत जाऊन खुर्ची ओढली. पंखा लावला. वारा जास्त वाटला म्हणून कमी केला.

"काय निघालं?"

"बाई... तुम्ही आधी बसा."

"बसलेच आहे."

"हल्ली उपचार खूप सुधारलेत, बाई. आणि मी आहे ना..." त्याने निकालाचा कागद पुढे सरकवला. सातच्या सात पदार्थ कर्करोग्यासारखेच! तीनदा तपासून पाहिलं होतं त्याने.

बाईंनी पर्समधून एक पाकीट काढलं.

"वाच."

आजचाच रिपोर्ट होता. कॅमेऱ्याने आतडं शेवटपर्यंत पाहिलेलं. कुठेही काही दोष नाही.

पुष्करने डोळे पुसले. मग त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"म्हणजे माझं रक्त तपासायचं यंत्र चुकलं?"

"तुझ्या रोग्यांचं रक्त कुठे घेतलंस?"

"याच तपासणीच्या खोलीबाहेर. नळी घालायच्या आधी."

"आदल्या दिवसापासून उपाशी. वर जुलाबाचं औषध. सकाळी मी होते तशीच."

"हो..."

"आणि निरोगी माणसं?"

"आपल्या कॉलेजातलीच. कॅन्टीनमधून बाहेर पडताना एकेकाला..."

तो थांबला.

टेबलावरचा पेपर त्याने हळूच पालथा घातला.

"बाई, मग दोन वर्षं मी शोधलं तरी काय?"

बाई उठल्या. पर्स खांद्याला अडकवली.

"आधी मला दोन प्लेट उपमा खायला घाल. मग परत रक्त काढ. बरी झालेली असेन."