डोलकाठीवरच्या मिटणाऱ्या पायऱ्या

फार पूर्वी एका शिडाच्या होडीवर पायऱ्यांवरून वाद झाला. त्यात मी, होडीची डोलकाठी, केवळ भोके सोसणारी होते.

माझ्या अंगावरच्या जुन्या पायऱ्या कायम बाहेर आलेल्या असत. वादळात शिडाचा दोर त्यांत अडकला, शीड खाली येईना आणि होडी उलटता उलटता वाचली. म्हणून होडीचा प्रमुख असलेल्या राघो तांडेलाने मिटणाऱ्या पायऱ्या आणल्या.

"काम संपले की अंग मिटायचे! या पायऱ्या आहेत की लाजाळूची पाने?" सर्वांत खालची जुनी पायरी फणकारली.

"आजी, तांडेल चढताना आम्ही उघडतो, तो उतरला की दोराला वाट देतो," नवी म्हणाली.

नव्या पायऱ्यांसाठी भोके पाडायला राघोने गिरमिट उचलले.

"पुरे आता," मी म्हणाले. "आणखी भोके पाडलीत, तर पुढच्या वादळात मी मोडेन. कोणीही बसा, पण जुन्याच भोकांत बसा."

शेवटी ठरले, की वरची भोके नव्या पायऱ्यांना द्यावीत आणि दोर पोहोचत नाही तिथे, तळाशी, जुनी पायरी राहावी. दोराने लगेच होकार दिला.

"मान्य," जुनी पायरी म्हणाली, "पण चढणाऱ्याचा पहिला पाय माझ्यावरच पडेल."

त्याला कोणीच हरकत घेतली नाही.