नव्या संचातलं नाटक

ज्यात झाडूवालीची सरदारीण होते, ते जुनं विनोदी नाटक तीस वर्षांनी नव्या संचात आलं. प्रमुख पाहुणे दादासाहेब इनामदार भाषणात गहिवरले, "जन्माने कुणी लहान नसतो!"

टाळ्या घेऊन ते रंगपटात येऊन टेकले. घसा कोरडा पडला होता. कपडेपट सांभाळणाऱ्या भागीरथीने पाण्याचा पेला पुढे केला.

"तू कोणाची गं?"

"इथं झाडू मारायची, त्या रखमाची."

ओठांशी नेलेला पेला दादासाहेबांनी खाली ठेवला. "राहू दे. तहान नाही."

भागीरथी म्हणाली, "पहिल्या प्रयोगालाही तुम्हीच पाहुणे होता. आईने पाणी दिलं, तेव्हाही तुम्हाला तहान नव्हती. नाटक नव्या संचात आलं, साहेब. पाहुणे तेवढे जुन्याच संचातले राहिले."

तो पेला शेवटी तिनेच पिऊन रिकामा केला.