अर्ध्या पॉवरची खिचडी

“अर्धीच का?” अंकुशने विचारलं. “पूर्ण पॉवर असताना अर्धी का?”

चंपूआक्का तांदूळ निवडत राहिल्या.

अंकुश हायवेवरच्या हॉटेलात आठ वर्षं तंदूरवर होता. सगळं सोडून तो डोंगरावरच्या या आश्रमात दीक्षा मागायला आला होता. आश्रमाच्या मोठ्या स्वयंपाकघरात चुली होत्या. आक्का तिकडे पाऊलही टाकत नसत. आजाऱ्यांचं जेवण त्या आपल्या खोलीत मायक्रोवेव्हमध्ये करत.

“दीक्षेचं नंतर बघू,” त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. “आपल्या आजारी दाजिबांनी तीन दिवस अन्नाला तोंड लावलेलं नाही. त्यांच्यासाठी मऊ खिचडी कर. पाच मिनिटं पूर्ण पॉवर, बारा मिनिटं अर्धी. मग पाच मिनिटं दार उघडायचं नाही.”

अंकुशने पूर्ण पॉवरवर दहा मिनिटं लावली.

खिचडी उतू गेली. वर पापुद्रा धरला, खाली पाणी, मधे कच्चे दाणे. त्याने तीच ढवळून वाढली.

दाजिबांनी एक घास घेतला. कितीतरी वेळ चावला. मग हळूच हातावर काढून ठेवला.

“छान झालीय हो,” ते म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून निजले.

अंकुश ताट घेऊन परत आला. डोळे लाल.

“या डबड्यापुढे मी वाकणार नाही! विस्तव दिसतो, त्याच्याशी बोलता येतं. हे नुसतं गुणगुणतं.”

“बस,” आक्का म्हणाल्या. “ऐक.”

त्यांनी नवं भांडं ठेवलं. पाच मिनिटांनी उकळी फुटली, तेव्हा पॉवर अर्ध्यावर आणली.

घरघर… मग नुसता पंख्याचा आवाज… पुन्हा घरघर.

“बंद पडलं.”

“पडलं नाही. अर्धं चालणं याला ठाऊकच नाही. चालतं तेव्हा पूर्ण चालतं, थांबतं तेव्हा पूर्ण थांबतं.”

“थांबतं तेव्हा कोण शिजवतं मग?”

आक्कांनी काचेतून दिसणाऱ्या वाफेकडे बोट दाखवलं.

घंटी वाजली. अंकुशने दाराला हात घातला. आक्कांनी त्याच्या हातावर आपला हात ठेवला. त्या हाताची कातडी मनगटापर्यंत आक्रसलेली होती, दोन बोटं एकमेकांना चिकटलेली.

“झालंय ना!”

“मशीनचं झालंय.”

पाच मिनिटं कुणीच हललं नाही.

दाजिबांनी त्या दिवशी वाटीभर खिचडी खाल्ली. मग वाटी पुढे केली. अजून हवी होती.

अंकुश दारात उभा राहून बघत होता. तरीही त्याची मान ताठच.

“तुम्ही आगीला घाबरता,” तो आक्कांना म्हणाला. “म्हणून हे सगळं.”

“स्टोव्हचा भडका उडाला तेव्हा मी सदतीस वर्षांची होते,” आक्का म्हणाल्या. “दवाखान्यातून घरी आले, तर सासूने पहिलं काय विचारलं असेल? उद्यापासून स्वयंपाक कोण करणार.”

“मग?”

“मी म्हटलं, मीच. पण तुमच्या विस्तवावर नाही. काडी म्हणून ओढणार नाही. सासू खूप बोलली. गावभर बोलली. वर्षभर या हातांनी गोधड्या शिवल्या आणि ही पेटी आणली.”

अंकुश पहिल्यांदाच खाली बसला.

“अशा बाईला मी तोंडही दाखवलं नसतं,” तो म्हणाला. “पुढे काय झालं तिचं?”

“अंथरुणाला खिळली.”

“आणि तुम्ही?”

आक्का दाजिबांची रिकामी वाटी विसळत होत्या.

“पाच वर्षं भरवत होते,” त्या म्हणाल्या. “एकदाही तिचं तोंड पोळलं नाही.”